हरभऱ्याच्या झाडावरून

सिरुसेरी, चेन्नई
२१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. नीलमला दादाचे आशीर्वाद.

आधी तिकडची एकेकाची खुशाली सांग, मग माझं ऐक. मकरंदरावांची साखर काय म्हणते? जेवण झाल्यावर फिरायला जातात, की अजून त्यांचं फिरणं दारातल्या कट्ट्यापर्यंतच? सासूबाईंनी कानाचं मशीन लावायला घेतलं का? की ते कपाटात आणि तुम्ही सगळे ओरडताय? कीर्तीची पाठ कशी आहे? त्या स्कूटरवरून रोज सांगली-मिरज करणं काही खरं नाही. जावईबापू बरे? तुझ्या गुडघ्याचं तुला विचारण्यात अर्थ नाही, तू ‘बरा आहे’ म्हणशील. ते मकरंदरावांना लिहायला सांग.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. कीर्तीच्या साखरपुड्यात मठ्ठा संपला, तू व्याह्यांना त्याबद्दल ऐकवत होतीस आणि मी मध्येच त्यांना म्हणालो, ‘व्यवस्था फार उत्तम झाली.’ तेव्हा तू म्हणालीस, ‘दादा, तुझं गोड बोलणं तुझ्या गिऱ्हाइकांसाठी ठेव.’ ठेवलं बाई. पण मठ्ठा सोडला तर व्यवस्था वाईट नव्हती हे मी आजही म्हणेन. असो. फोन उचलावा लागतो, पत्र पोस्टमन आपणच आत टाकतो, एवढाच माझा हिशेब.

पत्ता बघून दचकली असशील. तिरुवल्लिकेणीच्या खोल्या सोडून मी सध्या उन्मेषकडे आहे. सप्टेंबरात पाहुण्यांना घेऊन महाबलीपुरमला गेलो होतो, तिथे उन्हात जरा खाली बसलो, एवढंच झालं. पण उन्मेष म्हणाला, ‘आठ दिवस चला.’ आठ दिवसांत नवरात्र आलं, मग दिवाळी आली, आणि आता इकडचा पाऊसही निम्मा झाला. तसं घाई करण्यासारखं काही नाही.

घर फार सुंदर आहे. उंच मजल्यावर. खिडकीतून या कंपन्यांच्या काचेच्या इमारती, त्यांच्यामध्ये शिल्लक राहिलेलं एक तळं आणि त्यात बगळे. वारा असा की पंखा लागत नाही. सूनबाई श्रीदेवी म्हणजे सोनं. तिचं माहेर तंजावरकडचं, त्यामुळे तिची मराठी ऐकताना आपली पणजी बोलते आहे असं वाटतं. मला ‘मामंजी’ म्हणते. सकाळी गरम इडली, संध्याकाळी फळं चिरून. उन्मेष ऑफिसातून दुपारी एकदा फोन करतो. खाली बाग, बागेत बाकडी, बाकड्यांवर माझ्यासारखे म्हातारे. सगळे अगदी समाधानी. हवा उत्तम. पाणी उत्तम. लिफ्टही फार चांगली.

सासूबाई मागे विचारत होत्या ना, विद्याधर नक्की करतो काय? त्यांना सांग, इथल्या आवडी नावाच्या गावातल्या फॅक्टरीत असताना एक जपानी मशीन आलं, त्याच्याबरोबर आलेल्या माणसांशी खुणा करून करून कंटाळलो आणि रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून जपानी शिकायचं एक पुस्तक घेतलं. शाळा नाही, मास्तर नाही. निवृत्त झाल्यावर त्याच भाषेवर जपानी पाहुण्यांना देवळं दाखवत फिरलो. सध्या विश्रांती आहे, असं सांग.

पत्र आल्याचं कळव. एक ओळ पुरे.

तुझा
दादा


सिरुसेरी
९ डिसेंबर

चि. सौ. नीलमला आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळींत तू सगळ्यांची प्रकृती आणि माझी हजेरी दोन्ही घेतलीस. ‘लिफ्टचीसुद्धा स्तुती केलीस, म्हणजे काहीतरी झालंय. काय झालंय ते लिही.’ पोस्टकार्डावर हे वाचून वॉचमनलासुद्धा कळलं असतं, पण त्याला मराठी येत नाही.

काही झालेलं नाही गं. तेच तर आहे.

तुला एक आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे समजेल. पाहुण्याचं कौतुक करणं हे गाईडचं अर्धं काम. लोकांना वाटतं, बक्षिसी मिळावी म्हणून करतात. तसं नाही. दुपारच्या उन्हात माणसं रेंगाळायला लागली की मी एखाद्या बाईंच्या छत्रीचं कौतुक करायचो, लगेच त्या छत्री सावरून पुढे चालायला लागायच्या आणि बाकीचे त्यांच्या मागे. कुणी तमिळमध्ये ‘वणक्कम्’, म्हणजे नमस्कार, म्हणालं की ‘जोझू देस ने’ म्हणायचं, म्हणजे छान जमतं हो तुम्हाला. तेवढ्यावर तो माणूस दिवसभर खूश. आणि बस उशिरा आली, कुणाच्या कपाळावर आठी दिसली, तर त्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या सोशिकपणाचं कौतुक करायचं. ज्याचा सोशिकपणा वाखाणला, तो मग तक्रार करू शकत नाही. सगळा घोळका असा गोडीगुलाबीने रांगेत ठेवता येतो, आणि कुणाला दोरी दिसत नाही.

तर मागे एकदा सकाळी श्रीदेवी मला म्हणाली, “मामंजी, तुम्ही किती समजुतीचे आहां. आमच्या शेजारचे तात्ता पाहा, रोज भांडण. तुम्ही मात्र उगे बसतां.” तिच्याकडे ‘तात्ता’ म्हणजे आजोबा आणि ‘उगे’ म्हणजे गप्प. मी बशीतला चहा तसाच धरून बसलो. मी तेव्हाच विचारणार होतो की मला तिरुवल्लिकेणीला कधी सोडता. आता कसं विचारणार? समजुतीचा माणूस विचारत नाही.

मग माझ्या लक्षात यायला लागलं. ‘बाबा, आज पूर्ण जेवलात, व्वा.’ ‘बाबा, स्वतः आंघोळ करून तयार, एकदम फ्रेश दिसताय.’ बागेपर्यंत गेलो तर ‘किती छान चाललात.’ नीलम, मी त्या लोकांना कांचीपुरमची देवळं दिवसभर हिंडवून संध्याकाळी हसतखेळत हॉटेलात आणून सोडायचो. मला बागेपर्यंत चालल्याबद्दल शाबासकी. माणसं वाईट नाहीत, एक अक्षर खोटं लिहीत नाही. प्रेमाने बोलतात. पण गाईड कोण आणि पाहुणा कोण, ते फिरलंय.

गेल्या सोमवारी ठरवलं, विचारायचं कशाला, जाऊन यावं. खोल्या उघडून जरा हवा लागू द्यावी. इस्त्रीचा शर्ट घातला, छत्री घेतली. गेटवरचा पोऱ्या मोठा मर्यादशील. “सार, इन्नैक्कि सूपर,” म्हणाला, आज एकदम झकास दिसताय. शर्टाचं कौतुक केलं. चपलांचं केलं. आणि तेवढ्यात वरच्या घरी फोन लावला. तिथल्या यंत्रात माझ्या नावापुढे खूण आहे म्हणे, सोबतीशिवाय सोडायचं नाही. मी आवाज चढवणार, तर तो म्हणाला, “सार, तुमच्यासारखे मोठे लोक नेहमी समजून घेतात.” मी परत आलो. दारात श्रीदेवी लिंबूपाणी घेऊन उभी. रागावली नाही, काही नाही. ‘शर्ट फार बरा दिसतो,’ म्हणाली.

खोल्यांची किल्ली उन्मेषकडे आहे. घरमालक अनंतकृष्ण सज्जन आहेत, पण त्यांच्या भाच्याला जागा हवी आहे. भोगीपर्यंत काय ते सांगा, म्हणाले आहेत. इकडे पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला, जुनं टाकून देतात, तेव्हा मुहूर्त बरोबर साधलाय. त्या खोल्या गेल्या की माझं काम गेलं. तिथून हाकेच्या अंतरावर देऊळ, समुद्र, पाहुण्यांची हॉटेलं. इथून मी कुठे जाणार? तळ्यातले बगळे दाखवू?

हे पत्र खालच्या इस्त्रीवाल्या हेमावतीकडे देतोय. ती स्टँडवरून जाताना पेटीत टाकते. पोस्टात मी गेलो तर तिथेही कुणीतरी कौतुक करायचं.

तुझा
दादा


सिरुसेरी
२२ डिसेंबर

चि. सौ. नीलमला आशीर्वाद.

या वेळी तुझ्या उत्तराची वाट बघितली नाही. चांगली बातमी आहे, किंवा आज तरी चांगली वाटते आहे.

उन्मेषच्या कंपनीचं एक जपानी गिऱ्हाईक आहे. त्यांचे कितामुरा-सान म्हणून वडीलधारे गृहस्थ इथे कामासाठी आले. त्यांना शनिवारी महाबलीपुरम दाखवायचं ठरलं, तर एजन्सीचा जपानी बोलणारा गाईड तापाने आडवा. शुक्रवारी रात्री उन्मेष माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. मी मुद्दाम पुस्तकातून मान वर केली नाही. शेवटी म्हणाला, “बाबा, फक्त बोलायचं. चढायचं नाही, उन्हात उभं राहायचं नाही.” म्हटलं, “तू सांगशील तसं.” हसू नकोस. मासा गळाला लागत असताना कोणी पाण्यात दगड मारत नाही.

किती दिवसांनी तो समुद्राचा वास घेतला. डोंगराएवढ्या दगडावर कोरलेली ती माणसं, हत्ती, तप करणाऱ्या साधूसमोर तप करणारं मांजर आणि त्याच्या पायाशी निर्धास्त उंदीर. ते मांजर मी नेहमी शेवटी दाखवतो. आधी सांगत नाही. पाहुण्यालाच सापडू देतो आणि सापडलं की त्याच्या नजरेचं कौतुक करतो. कितामुरा-सानना सापडलं. पोरासारखे हसले. मला शब्द एकही अडला नाही, नीलम. जीभ गंजली असेल असं वाटलं होतं.

मध्ये एक गंमत झाली. उन्मेष कंपनीच्या वर्गात थोडं जपानी शिकलाय. त्याला वाटलं, आपणही बोलावं. आदल्या दिवशी कितामुरा-साननी उन्मेषच्या ऑफिसातल्या लोकांसमोर काही मांडणी केली होती. तर हा त्यांना म्हणाला, ‘तुम्ही फार छान समजावता, जोझू देस.’ कितामुरा-सान हसले, पण ते हसणं ओठांपुरतं. मी पटकन मध्ये पडलो आणि म्हणालो, ‘माझा मुलगा म्हणतो, कालच्या दिवसात त्याला तुमच्याकडून फार शिकायला मिळालं.’ मग ते खुलले.

चहाला थांबलो तेव्हा उन्मेष हळूच म्हणाला, “बाबा, मी चुकीचं काय बोललो? चांगलंच म्हणालो ना?”

म्हटलं, “चांगलंच म्हणालास. पण ते तुझ्याहून मोठे. धाकट्याने मोठ्याला ‘तुम्हाला छान जमतं’ म्हणणं म्हणजे त्यांचा पेपर तपासणं. छत्रीचं कौतुक कर, गावाचं कर. त्यांच्या हुन्नराला मार्क द्यायचे नाहीत. शिकायला मिळालं म्हणायचं, नाहीतर मदत मागायची.”

“हे आमच्या वर्गात नाही सांगितलं,” म्हणाला. आणि विचारात पडला. मला वाटलं, आता याच्या डोक्यात प्रकाश पडेल की घरी आपण बापाला रोज किती मार्क देतो. तेवढं काही पडला नाही.

निघताना कितामुरा-सान गाडीपाशी थांबले आणि मला म्हणाले, इतकं सुरेख जपानी मी हिंदुस्थानात ऐकलं नव्हतं, तुम्ही अजून पुष्कळ वर्षं हे काम केलं पाहिजे. आता अशा वेळी ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं व्हायचं नसतं. त्यांच्याकडे आलेलं कौतुक अंगावर ठेवून घेत नाहीत, लगेच झटकतात. जेवढं मोठं कौतुक तेवढं जोरात झटकायचं. मी दोन्ही हात हलवले, कमरेत वाकलो आणि म्हणालो, ‘छे छे, कसलं काय. म्हातारा झालोय. पाय चालत नाहीत, शब्द आठवत नाहीत, आता मला हे जमत नाही. मुलाला नुसता भार झालोय.’ कितामुरा-सान हसत हसत माझ्याहून जास्त वाकले. मग मी आणखी वाकलो. असा बराच वेळ आमचा नमस्कारांचा सामना चालला.

उन्मेष शेजारीच उभा होता. परतताना गाडीत एकदा नुसता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटतं, परक्या माणसाने बापाला नावाजलं ते त्याच्या मनाला लागलं. दोनेक दिवसांत खोल्यांचा विषय काढतो.

सासूबाईंना नमस्कार. मकरंदरावांना सांग, मशेरी सोडली असेल तर पुन्हा धरू नका.

तुझा
दादा


सिरुसेरी
३ जानेवारी २०२६

चि. सौ. नीलम,

तुमचं सगळं क्षेम असेल असं धरून चालतो. आज लगेच मुद्द्यावर येतो.

मी विषय काढायच्या आधी उन्मेषनेच काढला. परवा नव्या वर्षाची सुट्टी, सकाळी माझ्या पलंगावर येऊन बसला. लहानपणी बसायचा तसा पाय वर घेऊन. म्हणाला, “बाबा, त्या दिवशी तुम्ही कितामुरा-सानना जे बोललात, ते मला सगळं कळलं. आमच्या तोंडावर ते तुम्हाला म्हणवत नव्हतं. पण भार कसले? असं पुन्हा म्हणू नका.” त्याचे डोळे भरले होते. “तुम्हीच म्हणालात ना, आता जमत नाही. मग त्या खोल्या ठेवून जिवाला त्रास कशाला? मी अनंतकृष्णांना कळवलंय. भोगीच्या आधी सामान आणतो.”

मी हसायलाच लागलो. म्हटलं, “अरे, तो रिवाज आहे. कौतुक आलं की आपण आपल्याला कमी लेखायचं. कितामुरा-सानना विचार. त्यांना ठाऊक होतं मी खरं बोलत नाही.”

उन्मेष हसला नाही. म्हणाला, “बाबा, मला एक सांगा. पाहुण्यांचं कौतुक करता, ते खरं नसतं. तुम्हाला जमत नाही म्हणालात, ते खरं नाही. मग सप्टेंबरपासून मी रोज विचारतो, कसं वाटतंय, आणि तुम्ही म्हणता, उत्तम. ते काय असतं?”

नीलम, इतक्या लोकांना शब्दांवर झुलवलं, आणि पोटच्या पोराला द्यायला एक शब्द नव्हता. तेवढ्यात श्रीदेवी आत आली. दोघांचे चेहरे बघून म्हणाली, “मामंजींस काही म्हणूं नका हो, ते किती समजून घेतात.” तेव्हा पहिल्यांदा मी तिला म्हणालो, “नाही गं, समजून घेत नाही. मला माझ्या घरी जायचंय.” आवाज मोठा झाला असावा. ती बिचारी दाराला धरून उभी राहिली.

मग मी उन्मेषला सांगितलं, सरळ, जसं आपल्यात कुणी आपल्याबद्दल बोलत नाही तसं. म्हटलं, “मला हे काम येतं. चांगलं येतं. शिकवायला कुणी नसताना मी ते शिकलोय आणि माझ्यासारखं करणारी माणसं या गावात थोडी आहेत. इथे मी खातो-पितो आणि शाबासक्या गोळा करतो.” आपल्या तोंडाने आपली टिमकी वाजवताना कान गरम झाले.

त्याने पाय पलंगाखाली सोडले. शेवटी म्हणाला, “आत्याला लिहा.”

म्हटलं, “तिचा काय संबंध?”

“आत्या कुणाचं मन राखायला बोलत नाही. तिला पडल्याचं सगळं लिहा. मला सांगता तसं नाही, खरं. ती म्हणाली जाऊ दे, तर मी स्वतः तुम्हाला किल्ली देतो. गेटवरची ती खूणही काढतो. अनंतकृष्णांना मी थांबवून ठेवतो भोगीपर्यंत. पण ती नाही म्हणाली, तर तुम्ही पुन्हा विषय काढायचा नाही.”

मी कबूल झालोय. म्हणून हे पत्र.

तर ऐक. मी उन्हात बसलो नव्हतो, पडलो. आम्ही गाईड लोक घोळक्याकडे तोंड करून उलटे चालतो, बोलत बोलत. सवयीचं काम, पाठीला डोळे असल्यासारखं. त्या दिवशी सकाळी काही खाल्लं नव्हतं, कारण बस लवकर निघाली आणि मला उशीर झालेला दाखवायचा नव्हता. पाठीमागे एक पायरी होती, ती वर्षानुवर्षं तिथेच आहे आणि मला माहीत आहे. तरी पडलो. डोकं दगडावर आपटलं. काही वेळ मला काहीच ठाऊक नाही. शुद्ध आली तेव्हा एक बाई त्यांचा ओला रुमाल माझ्या कपाळावर धरून होत्या आणि रडत होत्या. आणि मी काय बोललो असेन? म्हणालो, ‘तुमचा रुमाल फार सुंदर आहे.’ त्या आणखी रडायला लागल्या. बाकीचे पाहुणे रस्त्याच्या कडेला उन्हात उभे, भाषा नाही, कुणाला बोलवायचं कळत नाही. ज्यांना मी सांभाळायचं त्यांनी मला सांभाळलं. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब एकदम उतरतो, गोळ्या चुकवायच्या नाहीत, उपाशी राहायचं नाही, उन्हात फार वेळ नको. काम करू नका असं ते म्हणाले नाहीत. करा असंही म्हणाले नाहीत.

एवढं उन्मेषला माहीत आहे. आता सांगतो ते माहीत नाही. त्याआधी, तुमच्याकडच्या पावसाळ्याच्या तोंडावर, एकदा तिरुवल्लिकेणीच्या जिन्यात चक्कर आली होती. पडलो नाही, कठड्याला धरून खाली बसलो. अनंतकृष्णांनी बघितलं, पाणी दिलं. मी त्यांच्या घरच्या माठाच्या पाण्याचं कौतुक केलं आणि त्यांना गप्प बसवलं. त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही. मी त्या वेळीच डॉक्टरकडे गेलो असतो, तर महाबलीपुरमला कदाचित पडलो नसतो. हे तुला लिहिलं आहे, तेव्हा उद्या त्यालाही सांगेन. आधी तुला, कारण तुझ्यासमोर मला साखर पेरायला जागा नाही.

आता दुसरी बाजू. गोळ्या मी आता चुकवत नाही. उलटं चालणं सोडायला हवं, ते सोडेन. दुपारचं काम घेणार नाही. सकाळी देऊळ आणि समुद्र, एक-दोन पाहुणे, एवढंच. रोज संध्याकाळी उन्मेषला फोन करीन आणि ‘उत्तम’ हा शब्द वापरणार नाही. पण खोलीत रात्री मी एकटा असेन, हे खरं आहे. जिना तोच आहे, हेही खरं आहे. आणि इथे राहिलो तर कदाचित जास्त जगेन. त्या जगण्याचं काय करायचं ते मला माहीत नाही.

तुझ्याशी बोलणं बंद असताना तुझ्याच हातात हे ठेवायचं, हे मला जड गेलं. त्याने दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर मी त्यांना दोन दिवसांत वळवलं असतं. तुला वळवण्यासाठी या पत्रात मी काही घातलेलं नाही. एकदा परत वाचून दोन वाक्यं खोडलीसुद्धा. ती तुझ्याबद्दल होती आणि चांगली होती.

फोन करू नकोस. फोनवर मी काहीतरी गोड बोलेन आणि तुला पुन्हा संशय येईल. लिहीच. पत्र मला नको, उन्मेषच्या नावाने धाड. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा मोठ्या अक्षरात आणि थोडक्यात लिही. होय तर होय, नाही तर नाही. संक्रांत तोंडावर आहे म्हणून तिळगूळ धाडलास तर खाईन, पण त्याला पत्रात गोड काही लिहू नकोस.

हेमावती आज हे स्पीड पोस्टाने टाकते आहे. तूही तसंच टाक. लवकर लिही, नीलम.

विद्याधर